आत्याचं गाणं पुसलं त्या दुपारी

"पटकथेत ठरावीक गाण्याचं नाव घालू नकोस. नुसतं लिही, एक अंगाई ऐकू येते."

वहिनीला तिच्या सरांनी बजावून सांगितलं होतं. सर म्हणजे ज्यांच्या हाताखाली ती सिनेमे लिहायला शिकली ते. वहिनीने हसण्यावारी नेलं.

"सर, परवानगीची भानगडच नाही. गाणं घरचं आहे, माझ्या नवऱ्याच्या आत्याने रचलेलं. त्या तर गेल्या. आता विचारू कोणाला?"

"मग तर मुळीच घालू नकोस."

सरांनी फोन ठेवला. कारण सांगितलं नाही.

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या भावाच्या घरात, चौथ्या मजल्यावर, भर दुपारी घडलेली. पटत नसेल तर सोडून द्या. पण त्या दिवशीचा वहिनीचा चेहरा मी पाहिलाय.

दादाला आणि मला आत्यानेच वाढवलं. ती अंगाई तिची स्वतःची. कुठे छापलेली नाही, कोणी रेकॉर्ड केलेली नाही.

झोपे ये गं, पायऱ्या चढून ये,
उंबऱ्यात थांब, मला हाक दे...

लेकीला झोपवताना दादा एवढ्याच दोन ओळी घोळवायचा. पुढचं त्याला काही केल्या आठवायचं नाही. लेक अडीच वर्षांची. आम्ही सगळे तिला ठकी म्हणतो.

त्या दुपारी ठकी आतल्या खोलीत झोपली होती. वहिनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलेली. मशीनमध्ये कपडे घरघरत होते. निर्मात्याला संध्याकाळपर्यंत प्रसंग हवा होता.

पटकथा वर्तमानकाळात लिहितात. जणू सगळं आत्ता, समोर घडतंय.

वहिनीने लिहिलं, 'आतल्या खोलीतून आत्याची अंगाई ऐकू येते. लहान मुलगी आवाजाच्या मागे जाते.'

मशीन थांबलं.

फ्रीजचा आवाज थांबला.

खालच्या रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा...

आणि आत कोणीतरी गायला लागलं.

झोपे ये गं...

दादा लवकर आला की काय? पण दाराची कडी तर आतून होती. तिने त्याला फोन लावला.

"कुठे आहेस रे?"

"ऑफिसात. डबा खातोय. का गं?" मग त्याने मध्येच विचारलं, "आत्याचं गाणं कोण म्हणतंय?"

"तुला... ऐकू येतंय?"

"अगं, ही पुढची ओळ! हीच मला आठवत नव्हती!" मग तो घाईने म्हणाला, "ठकी कुठाय? आधी तिला उचल!"

वहिनी धावली.

ठकी गाढ झोपेत. खोलीत कोणी नाही. पण तिच्या पांघरुणावर... तळव्याएवढा खळगा पडत होता. भरत होता. पुन्हा पडत होता.

कोणीतरी तिला थोपटत होतं.

ठकीला कडेवर घेऊन वहिनी टेबलापाशी आली. तिने 'आत्याची' हा शब्द पुसला. तिथे 'एक' लिहिलं. सरांनी सांगितलं होतं, अगदी तसंच.

गाणं अर्ध्यातच तुटलं.

"थांबलं?" दादाने विचारलं.

"थांबलं." तिने फोन तसाच चालू टेबलावर ठेवला. ठकीला मांडीवर घेऊन सोफ्यावर बसली. जिवात जीव आला.

मशीन मात्र सुरू झालं नव्हतं.

मग आतल्या खोलीतून... एक अंगाई ऐकू आली.

ही आत्या नव्हती. तो आवाज बाईचा की पुरुषाचा, वहिनीला आजही सांगता येत नाही. चाल कुठलीच नाही. शब्द ओळखीचे वाटायचे आणि निसटायचे.

ठकी मांडीवरून उतरली. डोळे मिटलेले. सरळ चालायला लागली. आवाज आतल्या खोलीतून तिथल्याच बाल्कनीत सरकला.

खट्ट.

बाल्कनीची कडी आपोआप निघाली.

वहिनीने झेप घेऊन तिचा फ्रॉक पकडला तो बाल्कनीच्या दारात. अडीच वर्षांचं पोर, पण आवरेना! ते वाक्य पुसायचं तर लॅपटॉप पार बाहेरच्या खोलीत. तिकडे फोनमध्ये दादा ओरडतोय, "काय झालं? अगं बोल ना!"

आणि वहिनी गायला लागली. ठकीला छातीशी दाबून, रडत, बेसूर. येत होत्या तेवढ्या दोन ओळी.

दोन ओळी संपल्या.

तिसरी ओळ... तिच्या कानाशी, तिच्या खांद्यावरून, दुसऱ्याच कोणीतरी म्हटली.

हळूच. थकलेल्या, मायेच्या आवाजात.

ठकी तिच्या खांद्यावर सैल पडली आणि घोरायला लागली. बाहेरच्या खोलीत मशीन घरघरलं. वहिनीने जाऊन अख्खा प्रसंग पुसला. काम हातचं गेलं. गेलं तर गेलं.

सरांना तिने नंतर सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "लेकीला एकटं झोपवू नकोस."

आत्या तेव्हा पोरीला न्यायला आली होती की राखायला? आमच्यापैकी कोणालाच कळलेलं नाही. बाल्कनीच्या दाराला आता कुलूप आहे. तरी कधीकधी खेळता खेळता ठकी त्या दाराकडे मान वळवते आणि म्हणते, "थांब हं, येते."

आमच्याकडे नाही बघत. दाराकडेच बघते.

हे लिहिताना माझा मुलगा आत झोपलाय. दोनदा उठून बघून आले. त्याचा श्वास ऐकला, मगच पुढे लिहिलं.

तुमच्या घरात एखादं लेकरू दुसऱ्या खोलीत झोपलं असेल, तर हे बाजूला ठेवा आणि आत्ताच्या आत्ता त्याला बघून या. कोणी त्याच्यासाठी अंगाई म्हणत असेल, तर नुसत्या आवाजावर विसंबू नका.

कोण म्हणतंय, ते डोळ्यांनी बघा.