गोदूबाईचं बोट

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी नणंद आहे, आणि तिचं ते बोट मी या डोळ्यांनी पाहिलंय.

भुताला अमावस्येची रात्र लागते म्हणतात. इथं कसली रात्र? २०१२ चा मे महिना, पनवेलजवळचं करंजाडे, आणि टळटळीत दुपार.

अरुंधतीवन्संचा तिथं मूर्तिकामाचा गाळा होता. त्याआधी कितीतरी वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या कारखान्यात गणपतींचे डोळे रंगवले. नाव कुठंच नाही. एकदा तरी आपल्या कामावर आपलं नाव कोरायचं, एवढा एकच ध्यास.

आणि मग बळीराम सरपंच आला.

उलव्याकडच्या एका गावचा. गावाचं नाव मी घेणार नाही. नव्या बंगल्यात त्याला पुरुषभर उंचीचा आरसा हवा होता. चौकटीभर वर उठलेले डावे हात, आणि प्रत्येकाच्या बोटाला मतदानाची शाई. समोर उभं राहिलं की सगळी जनता आपल्यालाच मत देतेय असं दिसलं पाहिजे!

हौसेला मोल नाही, दुसरं काय.

"मॅडम, वर मधोमध माझ्या आयचा हात पायजे," तो म्हणाला. "आय माझी मत देऊन आली, न मंगच जीव सोरला."

ही गोष्ट पंचक्रोशीत सगळ्यांना पाठ होती. गोदूबाई कोळीण मुलाला मत देऊन आली आणि संध्याकाळी गेली. गाव हळहळलं. मुलगा निवडून आला.

म्हातारीचा हात आता कुठून आणायचा? म्हणून सरपंचाच्या बायकोच्या, विनिताच्या हाताचा साचा घेतला. ती बिचारी मान वर करून बघेना.

आरसा झाला. वन्संनी सगळ्या बोटांना जांभळा रंग लावला. खाली कोपऱ्यात स्वतःचं नाव कोरलं, आणि जेवायला घरी गेल्या.

परत आल्या, तर सगळ्या बोटांना शाई होती...

गोदूबाईच्या बोटाला नव्हती.

रंग ओला राहिला असेल, पुसला असेल. त्यांनी पुन्हा लावला. चहा घेऊन आल्या.

बोट कोरं.

पुसल्याची खूणसुद्धा नाही!

वन्संनी हात लावून पाहिला, आणि झटकन मागे घेतला. पत्र्याखाली उन्हाची भट्टी पेटलेली, आणि तो फायबरचा हात बर्फासारखा गार.

टप्... टप्...

बोटाच्या टोकातून पाणी गळत होतं. आणि वास... मासळीबाजार उठल्यावर खोक्यांखाली जे पाणी साचतं ना, तो. वन्संनी आपला तळहात उलटा करून पाहिला.

तिथं माशाचा खवला चिकटला होता.

श्शी! आजही लिहिताना अंगावर शिसारी येते.

तेवढ्यात दारात विनिता आली. उद्याच आरसा लावायचाय, हे सांगायला. वास आला तशी तिनं पदर नाकाला लावला. मग तिची नजर त्या कोऱ्या बोटाकडे गेली.

"ताई, तिथं शाई नाय लागायची."

"का? काय झालंय, वहिनी?"

तिनं मागे वळून रस्ता पाहिला. मग भडाभडा बोलली.

"सासूबाय पहाटंच गेल्या. मयत कळलं आसतं तं आमची भावकी मताला गेली नसती. मंग ह्यांनी दार लावलं. मासळीची खोकी न बर्फ आणला, आयला खोक्यांवर निजवली न बर्फान झाकून ठेवली. सांच्यापर्यंत."

"पण मग... मत कोणी दिलं?"

"त्यांचं लुगरं नेसून, पदर घेऊन, मीच गेली व्हती." तिनं डावा हात पदराखाली घेतला. "ताई, त्याच खोक्यांत दुसऱ्या दिवशी बोंबील भरलं. बाजारात इकलं."

वन्सं मोरीकडे धावल्या आणि भडभडून ओकल्या.

आता खरं सांगू? इथवर भुताची भीती वाटते. इथून पुढे मला आमच्या वन्संचीच किळस येते. कारण त्या आरसा फोडू शकत होत्या. निदान नाव तरी खरवडू शकत होत्या. पण उद्या तालुक्यातले सगळे पुढारी यायचे होते, आणि कोपऱ्यात नाव होतं. पहिल्यांदाच.

विनिता गेल्यावर त्यांनी ब्रश उचलला.

"आजी, माझं एवढं होऊ दे," म्हणाल्या, आणि त्या बोटाला शाई लावली.

या वेळी शाई राहिली.

दुसऱ्या दिवशी टाळ्यांचा कडकडाट झाला. सरपंच आरशासमोर उभा राहून मिशीवरून हात फिरवत होता. कुणाला वास आला नाही की काही नाही. वन्संचं नाव सगळ्यांसमोर वाचलं गेलं. हरखून घरी आल्या, हात धुवायला बसल्या...

डाव्या तर्जनीच्या नखावर शाईची रेघ.

ब्रश तर उजव्या हातात होता!

लिंबू झालं, थिनर झालं, वजरीनं घासून झालं. कातडी सोलली, रेघ गेली नाही.

पुढच्या निवडणुकीला आम्ही दोघी एकाच रांगेत उभ्या होतो. टेबलापाशी बसलेल्या माणसानं वन्संचा हात धरला, बोट पाहिलं, आणि हात सोडून दिला.

"ताई, तुमचं मत झालंय."

"अहो, आत्ताच तर आलेय मी!"

"काय चेष्टा करता?" त्यानं आपली बोटं रुमालाला पुसली. ती जांभळी झाली होती. "शाई ओली आहे अजून."

त्या पुन्हा कधी मतदानाला गेल्या नाहीत. आरसा तिथंच आहे, नावासकट.

भाऊबीजेला वन्सं येतात. हौसेनं पुरणपोळ्या करतात, आग्रह करकरून वाढतात. मी त्या जांभळ्या बोटाकडे बघून दरवेळी उपास सांगते. यंदा मात्र ह्यांनी ताटावर बसवलंच. मी पोळीचा तुकडा मोडला.

तव्यावरून आत्ताच उतरलेली पोळी...

गार होती.