तिसऱ्या रविवारची हरकत

"पुनम झुलाल गावित आणि केनियाचे जोसेफ ओटिएनो... यांच्या विवाहास कोणाची हरकत असेल, तर आज शेवटचं विचारतो!" पाळक सुकदेव म्हणाले आणि सुंदरबाईंनी वळून भावाकडे पाहिलं. लग्नाआधी तीन रविवार नावं पुकारायची ही पिंपळनेरच्या चर्चची रीत. दोन रविवार सुरळीत गेले होते, पण आज सकाळीच झुलालनं, त्यांच्या धाकट्या भावानं, पुनमच्या बापानं, ठणकावलं होतं, "बायबलमाच शे, बाबेलना बुरुजपशी देवनीच जातजातनी माणसे येगळी कयात. मी उभा राहसू!"

आणि तो खरोखरच उभा राहिला...

"पाळकसाहेब, आधी मन्हं ऐका!" सुंदरबाईंचा कापरा आवाज चर्चभर घुमला.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी, मिशनच्या दवाखान्यात नर्स असताना, याच बाकाशी उभं राहून त्यांनी स्वतःच्याच लग्नाला हरकत घेतली होती! नवरा मुलगा होता दवाखान्यातला गोरा डॉक्टर. सुंदरीला माज चढला, असं जो तो म्हणाला. सख्ख्या भावानंही तेच खरं मानलं. पण त्या माउलीनं जन्मभर चकार शब्द काढला नाही.

"झुलाल, तवय मिशनना साहेबनीबी माले बाबेलच दखाडं व्हतं. गोराले आदिवासी बायको चालाव नही, म्हने. तूच हरकत घे, नही ते तुना भाऊनं नाव बोर्डिंगमाईन काढी टाकसूत... तू धा वरीसना व्हता रे! काय करू मी?"

झुलालनं हातातलं बायबल मिटलं. त्याच बोर्डिंगात शिकून तो मास्तर झाला होता.

"बायबलमा मोशेनी बायकोबी कूशी व्हती, कूश देशनी, काळी. त्यानी बहीन मिर्यामनी कुरकुर करी, तवय देव कोनवर रागावना? मिर्यामवरच! मास्तर शे ना तू, वाची दखाड!"

बोलता बोलता त्या थकून बाकावर बसल्या. पुनमला हुंदका आवरेना. शेजारी जोसेफ मान खाली घालून उभा होता.

"झुलालभाऊ," पाळक हळूच म्हणाले, "तुम्ही अजून उभे आहात. हरकत आहे?"

"शे!" झुलालनं बाकावर बसलेल्या सुंदरबाईंचा हात धरला. "नवरीले बापनी हात धरीसन आनानं, हाई रीत माले मंजूर नही. मनी पोरले... मनी अक्का लई येई!"