दुसरी हाक येईपर्यंत

या, असे जवळ सरकून बसा. दार लोटून घ्या हवं तर. आज एक गोष्ट सांगते, आणि देवाला स्मरून सांगते, यात पदरचं काही नाही. जिच्यावर बेतली तिच्याच तोंडून ऐकली आहे. सांगताना तिनं दोनदा मागे वळून मोरीकडे पाहिलं होतं.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणतात.

ही भर दुपारची आहे. लखलखीत उन्हातली.

एका मोठ्या लॉन्ड्रीच्या मागचं आवार. दोऱ्यांवर पांढऱ्या चादरींच्या रांगा, साबणाचा वास, आतून इस्त्रीची फसफस. आणि आवाराच्या टोकाला जुनी, अरुंद, खोल विहीर.

विहिरीतला गाळ काढायला एकाच घरातली तिघं आली होती. थोरला, धाकटा आणि धाकट्याची बायको. सगळे तिला धाकटीच म्हणायचे. पिढ्यान् पिढ्या त्यांचा हाच धंदा. धाकटा कमरेला दोर बांधून भिंतीतल्या लोखंडी कड्यांवरून खाली उतरायचा आणि घमेली भरायचा. थोरला रहाटावर. धाकटी घमेलं रिकामं करून परत सोडायची.

त्यांच्या घराण्याचा एक नियम होता.

खालून पहिली हाक आली, तर ओ द्यायची नाही.

पहिली हाक आपल्या माणसाची नसते. दुसरी आली, की आपला माणूस. मगच ओ द्यायची, मगच दोर ओढायचा.

का? तर म्हणे कुणा खापरपणजोबाच्या वेळी खालून हाक आली, वरच्यानं ओ देऊन वाकून पाहिलं आणि तोल जाऊन गेला. आणि खाली उतरलेला माणूस तर केव्हाच वर येऊन अंग पुसत बसला होता! हे कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. पण सासूनं तो नियम नव्या सुनेला उंबऱ्याच्या आत पाऊल पडताच सांगितला होता, आणि तिनं मान डोलावली होती.

धाकटा मात्र नियमाची थट्टा करायचा.

"मी बाबा दोन हाका जोडूनच मारतो. 'अगं! अगं ए!' एक भुताची, एक माझी. भांडणच नको."

"जिभेला हाड नाही तुझ्या," थोरला म्हणायचा. पण हसायचा.

त्या दिवशीही तो असाच बडबडत उतरला. "खाली कसं गारेगार आहे. तुम्ही भाजा वरती!"

मग नेहमीचे आवाज. फावड्याची खरखर. घमेल्याचा ठणठणाट. त्याचं गुणगुणणं.

आधी गुणगुणणं थांबलं.

मग खरखर थांबली…

धाकटीनं हात पुसले. वारा पडला होता. एकही चादर हलत नव्हती.

आणि खालून आवाज आला.

"अगं…"

एकदाच. हळू. झोपेत कुणी बोलावं तसा.

तिच्या ओठांवर ओ आलीच होती. थोरल्यानं तोंडावर बोट ठेवलं.

"थांब. दुसरी येऊ दे."

"भाऊजी, आवाज त्यांचाच आहे."

"पहिली अशीच असते. हुबेहूब. दुसरी येऊ दे."

ती थांबली. दोघंही कठड्याला टेकून, कानांत प्राण आणून, थांबले.

आत इस्त्री फसफसत होती. कुणीतरी बादली ओतली.

दुसरी हाक आली नाही.

किती वेळ गेला ते तिला आजही सांगता येत नाही. शेवटी तिनंच रडत दोराला हात घातला. दोर जड लागला. फार जड…

डॉक्टरांनी सांगितलं, गाळ ढवळला की तळाशी विषारी हवा सुटते. श्वास कोंडतो, एखादी हाक मारण्यापुरताच उरतो. "हाकेसरशी ओढला असता तर बहुतेक वाचला असता. यापुढे आधी पेटता कंदील सोडून बघत जा. तो विझला, तर माणूस उतरवायचा नाही."

थोरल्यानं दोर गुंडाळून खांद्यावर टाकला. घरी येऊन आईला एवढंच म्हणाला, "दुसरी आलीच नाही गं."

सासूनं डोळे पुसले. "मग तू चुकला नाहीस, बाळा."

अहो, त्या माउलीचाही तो मुलगाच होता! पण नियम चुकला म्हणावं, तर मुलगा हकनाक गेला म्हणावं लागतं. ते कुठल्या आईच्यानं म्हणवेल?

आणि मग घरात ते सुरू झालं.

भर दुपारी धाकटी मोरीत भांडी घासायला बसायची. नळ बंद केला, की मोरीच्या भोकातून…

"अगं…"

एकदाच. तसाच. हळू.

ती तिथेच थिजायची. तोंड उघडायची, आणि मागून सासूचा आवाज यायचा. "ओ देशील तर माझं मेलेलं तोंड बघशील."

म्हणजे सासूलाही ऐकू येत होतं.

थोरल्यालाही येत होतं. हाक आली, की त्याचा घास हातातच राहायचा. तो दुसरीची वाट बघायचा. सगळं घर वाट बघायचं.

"भाऊजी, एकदा ओ देऊ द्या हो मला," ती एकदा काकुळतीला आली. "मी ऐकलं होतं, एवढं तरी त्यांना कळू दे. खाली अंधारात त्यांना वाटलं असेल, वर कुणीच नाही."

थोरल्यानं ताट बाजूला सारलं. "तो असता तर दुसरी मारली असती त्यानं."

काही महिन्यांनी लॉन्ड्रीवाल्यानं पुन्हा बोलावलं. गाळ अर्धाच निघाला होता. आता उतरणार थोरला. धाकटीनं हट्टानं कंदील बरोबर घेतला.

"सोड बाई तुझा कंदील, हौस भागव," तो कमरेला दोर गुंडाळत म्हणाला. "डॉक्टर सांगणार आम्हाला विहिरी!"

ती काडी ओढायला वाकली.

वारा पडला. चादरी थांबल्या…

"अगं…"

विहिरीत कुणीही उतरलेलं नव्हतं.

थोरल्याचं बोट तोंडाकडे गेलं. पण या वेळी ती थांबली नाही. कठड्यावर ओणवून, छाती फुटेल अशी ओरडली.

"ओ! मी इथे आहे! ऐकलं हो मी! तेव्हाही ऐकलं होतं!"

आवाज घुमत खाली गेला.

मग काहीच नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही.

तिला वाटलं, संपलं. सुटला बिचारा.

आणि तेवढ्यात…

"दादा…"

थोरल्याचा चेहरा असा उजळला, की तिला आजही तोच आठवतो. लहान मूल हरखावं तसा तो हरखला होता.

"दुसरी आली! धाकटे, दुसरी आली! आपलाच आहे तो!"

"भाऊजी, थांबा! कंदील…"

"आता कसला कंदील! दुसरी आली ना!"

कमरेचा दोर सुटून पडला. बांधायलाही तो थांबला नाही. भराभर कड्या उतरत गेला. "आलो रे! आलो!"

तिनं त्याचा सदरा धरला होता. एक बटण तेवढं हातात राहिलं.

थोड्या वेळानं "आलो" थांबलं.

तिनं कंदील पेटवून सोडला. तो अर्ध्यातही पोचला नाही. विझला.

इस्त्रीवाले धावत आले. एक जण उतरायला निघाला. तिनं त्याला आडवं पाडलं, त्याच्या छातीवर बसून राहिली, पण उतरू दिलं नाही.

एक माणूस तरी वाचवला तिनं. ते मात्र कुणी बोलत नाही.

खाली कोण होतं? ती हाक कुणाची? भावाला भावानं नेलं, की दुसऱ्याच कुणी? मला ठाऊक नाही. देवानं कान दिले ते ऐकायला आणि गळा दिला तो ओ द्यायला, एवढंच मी आजवर ऐकत आले. त्यापुढे माझी मती चालत नाही.

सासूची मात्र चालली. ती म्हणाली, "पहिलीला ओ दिलीस, म्हणून त्याला दुसरी मारता आली."

आता थोरल्याची दोन मुलं आळीपाळीनं विहिरीत उतरतात. कंदील नेत नाहीत, तो अपशकुनी ठरला. आणि घराण्याचा नियम आजीनं त्यांना नीट बसवून शिकवला आहे.

दुसऱ्या हाकेलाही ओ द्यायची नाही.

तिसरी येईपर्यंत थांबायचं.

धाकटीला कामावर नेत नाहीत. ती घरीच असते. दुपारी मोरीतून आता दोन हाका येतात, एक तिला आणि एक सासूला. दोघी ऐकतात. दोघी गप्प बसतात. मुलं घरी येईपर्यंत धाकटी दारात उभी असते.

बाबांनो, बायांनो, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या बाईची आठवण असू द्या. नाव नसलं तरी चालेल. तिथे खोलात, दोन पोरं रोज उतरतात, आणि वर दोर धरणाऱ्याला ऐकू आलं तरी तो थांबणार आहे, याचा अर्थ घरात फक्त तिला कळतो.

तिची आठवण ठेवा.