तळाचा विसर्ग शून्य

२००३ साली मी रत्नागिरीत फारुकभाईंच्या कचेरीत ड्रेनेजची कामं करत होतो. मस्कतची नोकरी सोडून ते परतले तेव्हा पाण्याच्या निचऱ्याचं एक सॉफ्टवेअर घेऊन आले होते. ते चालवायला त्यांनीच मला शिकवलं.

त्या उन्हाळ्यात नाचणे गावाच्या पुढे सड्यावर बंगल्यांची वसाहत होणार होती. सडा म्हणजे उघडा कातळ, त्यात पाणी मुरत नाही. घरं आणि रस्ते झाले की सगळा पाऊस खालच्या वाडीवर उतरणार. म्हणून वर एक तळं करायचं, पाणी अडवायचं आणि हळूहळू वहाळात, म्हणजे खालच्या ओढ्यात, सोडायचं. बांधाखाली पहिलंच घर येसूबाईंचं. एकट्या राहायच्या. मोजणीच्या दिवशी त्यांनी मला ताक दिलं होतं.

सॉफ्टवेअरमध्ये आधी तळ्याचा आकार भरायचा, मग पाणी बाहेर पडायच्या वाटा. मी एकच वाट दिली. तळाशी चार इंची भोक आणि पुढे बांधाखालून पाइप. चालवून पाहिलं तर तळाचा विसर्ग शून्य. तळं भरलं आणि पाणी बांधावरून येसूबाईंच्या बाजूला गेलं.

आकडे तपासले. बरोबर होते. भोक पुसून नव्याने काढलं. शून्य. तीच फाइल फारुकभाईंच्या कॉम्प्युटरवर नेली, तिथे पाणी नीट वाहिलं. माझ्याकडे आणली की पुन्हा शून्य.

"रघूभाऊ, तुमचं मशीन उपाशी दिसतंय. त्याला जरा चहा पाजा," फारुकभाई म्हणाले. मग हळूच म्हणाले की थोडे दिवस रजा घ्या. माझी बायको मथुरा आदल्या गणपतीत तापाने गेली होती आणि तेव्हापासून मी रजा घेतली नव्हती. घरी बसून काय करणार होतो?

त्याच आठवड्यात टेबलापाशी वास यायला लागला. ओल्या काथ्याचा, आणि त्यात शिकेकाई मिसळलेली. फारुकभाईंना येत नव्हता. मी टेबलाखाली पाहिलं, खण उपसले. फरशी कोरडी होती.

दुपारी जेवायला घरी गेलो आणि न्हाणीत हात धुताना तो वास कशाचा ते कळलं.

आमच्याकडे न्हाणीचं भोक कुणी उघडं ठेवत नाही. पावसात तिथून गोम येते, साप येतो. मथुरा त्यावर करवंटी पालथी घालायची. हात न लावता उचलता यावी म्हणून तिने करवंटीला भोक पाडून परकराच्या लाल नाडीचा फास ओवला होता. ती गेल्यावर माझी बहीण हौसा घर आवरायला आली आणि तिने ती करवंटी चुलीत घातली. जळताना मी पाहिली होती.

कचेरीत परत आलो आणि फारुकभाईंना विचारलं, "तळाचं भोक बुजलं तर?"

"कोण बुजवणार?"

"कोणी का असेना. बुजलं तर येसूबाई जाईल."

मी सांडवा मागितला. वाडीपासून दूर, बांधाच्या दुसऱ्या टोकाला कातळ फोडून, पाणी पलीकडच्या खाडीकडे काढायचं. फारुकभाई म्हणाले, कातळ फुटायच्या आधी वसाहतीचा मालक मला फोडेल. पण माझ्या तोंडाकडे पाहून ते मालकाला जाऊन भेटले. पावसाआधी तळंही झालं आणि सांडवाही.

जुलैत एका रात्री पावसाने उसंत घेतली नाही. उजाडताच आम्ही दोघं सड्यावर गेलो.

तळं काठोकाठ भरलं होतं. सांडव्यावरून पाणी खाडीकडे धावत होतं. वाडीकडे बांधावरून थेंबही उतरला नव्हता.

येसूबाई अंगणात उभ्या होत्या. "रातभर भांडी बांधून बसलंय मी," त्या म्हणाल्या. "पानी आलाच नाय. आता ती सोडवायला तुमी या."

मी हसलो. कितीतरी महिन्यांनी. छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं. फारुकभाईंनी खाली बसून डोळे पुसले.

पाऊस थांबल्यावर पंप लावून तळं उपसलं. तळाचं भोक खरंच बुजलं होतं. लवू गवंडी आत उतरला, त्याला ते निघेना. मग मी उतरलो. चिखलात बोट घातलं, फास लागला. ओढल्याबरोबर सुटलं.

करवंटी होती. लाल नाडीची.

लवूने पाइप उकरला. ठेकेदाराने सांधे भरलेच नव्हते. भोक बुजण्याआधी गेलेल्या थोड्याशा पाण्यानेच पाइपभोवतीची माती पोकळ झाली होती.

"यातून त्या रात्रीचं पाणी गेलं असतं तर बांध राहिला नसता," लवू म्हणाला. मग माझ्या हाताकडे पाहत म्हणाला, "नि ही काय वाहत येऊन बसलेली नाय. ठेवलेली हाय."



पाइप नवा घातला. माझ्या कॉम्प्युटरवर तळाचा विसर्ग आता बरोबर येतो. मला झोपही लागते.

करवंटी मी घरी आणली. सकाळी आंघोळ झाली की खिळ्याला टांगतो आणि घराला कुलूप लावून कचेरीत जातो. दुपारी येतो तेव्हा ती भोकावर पालथी असते.

आता न्हाणीचं दार ढकलण्याआधी मी कडी वाजवतो, आणि आतला पाण्याचा आवाज थांबेपर्यंत बाहेर उभा राहतो.