फोटोत माणसं नकोत

लिफ्टमध्ये आम्ही तिघं होतो. मी, तो, आणि एक गुंडाळलेला गालिचा. गालिचा माझ्या खांद्यावर, त्यामुळे मी तिरकी. दुसऱ्या हातात लिंबांची परडी.

"लिंबं कशी दिली?" त्यानं विचारलं.

"विकायची नाहीत."

"मग?"

"दाखवायची आहेत."

त्यानं एक उचललं, नाकाशी नेलं... आणि तोंड वाकडं केलं. "प्लॅस्टिक! अहो, ही तर शुद्ध फसवणूक."

"तोच माझा धंदा आहे."

एकाच मजल्यावर उतरलो. एकाच दाराशी थांबलो. त्याच्या हातात किल्ली, माझ्या हातात त्याच दाराचा पत्ता.

"म्हणजे आमचं घर सजवायला येणार होत्या त्या तुम्हीच, लिंबूबाई?"

नाव ठेवलं ते कायमचं. पुढं नुसतंच 'लिंबू' झालं.

*

बैठकीची खोली. ऐसपैस. दिवसभर उजेड.

(जाहिरातीत असं छापतात. आता जाहिरातीबाहेरचं.)

विकायला काढलेल्या घराचे फोटो काढण्याआधी त्या घरातून तिथली माणसं पुसून टाकायची, हे माझं काम. चपला, औषधं, कौतुकाचे फोटो – सगळं खोक्यात. दुसऱ्याच्या वस्तू दिसल्या की बघणाऱ्याला आपण पाहुणे आहोत असं वाटतं. आणि पाहुणे घर विकत घेत नाहीत.

इथं खिडकीशी शिलाई मशीन होतं. त्याचे बाबा शिंपी. हात अजून सुईसारखे सरळ चालायचे, डोक्यातला धागा मात्र सुटला होता. मी खोकं बांधायची, बाबा सोडायचे. मी पुन्हा बांधायची. बाबा पुन्हा...

"रागवू नका हं," तो म्हणायचा.

"रागवत नाही. तुमच्याकडून जास्तीचे पैसे घेईन."

"घ्या. पण मग जास्तीचे दिवसही या."

हे बोलून तो घाईघाईनं खुर्ची उचलून आत घेऊन गेला. ती खुर्ची बाहेरच हवी होती.

*

दारालगतचा बोळ. नीटनेटका.

तिथल्या खुंटीवर राखाडी स्वेटर. त्याच्या आईचा. मी हात लावला तर बाबा धावत आले.

"तिचाय तो. बाजारात गेलीय. येईलच."

आई जाऊन वर्ष झालं होतं.

"मागे एकदा ताईकडे न्यायला निघालो होतो," तो मला हळूच म्हणाला. ताई म्हणजे त्याची मोठी बहीण, लांबच्या शहरातली. तिच्या घरात सांभाळायला माणसं होती. इथं तो एकटा, आणि बाबा दोनदा गॅस सुरू ठेवून बसलेले. "दाराची चौकट धरून रडले. म्हणे, ती आली आणि दाराला कुलूप दिसलं तर कुठं जाईल बिचारी? जिन्यापर्यंतसुद्धा नेता आलं नाही."

"मग आता?"

"घर विकलं गेलं की निघायचं. कायमचं. कसं ते... विचारू नका."

मी विचारलं नाही. 'कायमचं' हा शब्द मात्र घरी घेऊन गेले.

*

स्वयंपाकघर. ओटा मोकळा. कोपऱ्यात लिंबं.

फोटोचा दिवस. बाबांना सकाळीच शेजारच्या काकूंकडे बसवलं, आणि उरलेल्या दोन वस्तू काढल्या. मशीन. स्वेटर.

फोटोग्राफरची लेन्स रुंद; खोलीत कुठंही उभं राहा, फोटोत येणारच. म्हणून आम्ही दोघं मागच्या इवल्याशा गॅलरीत, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी, श्वास रोखून.

"कोपर कुणाचं आहे ते?" फोटोग्राफर ओरडला.

"माझं!"

"आत घ्या!"

त्यानं हात आत घेतला. माझ्या खांद्यावरून नेण्यावाचून त्या हाताला जागाच नव्हती.

"लिंबू..."

"हं."

"घर विकलं जाईपर्यंत मी इथंच आहे ना?"

"आहेस की." 'तुम्ही'चं 'तू' झालं, जीभच घसरली माझी. पण मागे घ्यावीशी वाटली नाही.

"मग इतकं छान कशाला सजवलंस?"

"भिंतीवर एखादा डाग पाडू?"

"दोन पाड."

"वर्षभर विकलं जायचं नाही मग."

"विकलं नको जाऊ दे..."

त्याच्या शर्टाला साबणाचा वास होता. मी सांगणार होते. अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात बाहेरून – "झालं! या!"

असू दे, मला वाटलं. घर काही उद्याच विकलं जात नाही. आज ना उद्या सांगेन. किती निवांत वाटलं होतं मला...

*

बाबा ठरल्यापेक्षा लवकर आले. काकूंनी दारापर्यंत आणून सोडलं.

त्यांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. नीट जोडून ठेवल्या. आत पाहिलं – गालिचा, नवे पडदे, खिडकीशी कुंडी – आणि घसा खाकरून विचारलं, "आत येऊ का?"

"या ना," तो म्हणाला.

बाबा सोफ्याच्या कडेवर बसले. हात गुडघ्यांवर. "मालक आपण?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "हो."

"आणि या वहिनी?"

त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं. म्हणून मीच म्हटलं, "हो."

बाबांनी पडद्याचं कापड चिमटीत धरलं. "कापड बरंय. शिवण गबाळी." मग त्याला न्याहाळून म्हणाले, "रागावू नका, पण तुमचा उजवा खांदा जरा उतरता आहे. आमच्या मुलाचाही तस्साच. शर्ट शिवताना मी आतून थोडं भरायचो. कुणाला कळायचं नाही."

"मुलाला कळायचं," तो म्हणाला.

मी पाणी आणलं. बाबा प्याले. "लग्न नवीन दिसतंय. अजून एकमेकांकडे बघता."

मला तिथं थांबवेना. आत गेले, चिकटपट्टी ओरबाडून खोकं उघडायला लागले. तो मागोमाग आला.

"मी सगळं परत लावते. स्वेटर, मशीन... थोडा वेळ दे मला. त्यांना त्यांचं घर ओळखू येईल."

त्यानं माझं मनगट धरलं. "नको, लिंबू."

"अरे पण –"

बाहेरून बाबांचा आवाज आला. "निघतो हं मी. घरी आमची मंडळी वाट बघत असेल."

बाहेर येऊन पाहिलं तर बाबा स्वतःहून चपला घालत होते. चौकटीला हातसुद्धा लावला नाही त्यांनी. त्याला आधीच कळलं होतं ते मला तेव्हा कळलं. या घरातून बाबा रडत निघणार नव्हते. कारण हे त्यांचं घर राहिलंच नव्हतं. मीच ते पुसलं होतं. आणि स्वेटर पुन्हा खुंटीवर चढला, तर ते कधीच निघणार नव्हते.

"थांबा, मी सोडतो तुम्हाला," तो म्हणाला. कपाटावरची बॅग ओढली, हाताला लागतील ते कपडे कोंबले. फोन कानाशी. "ताई, निघतोय आम्ही. हो, आज. आत्ताच... मग सांगतो." बोलताना डोळे माझ्यावर.

"बेडरूमचा घेऊ का?" फोटोग्राफरनं विचारलं.

"घ्या," मी म्हटलं.

लिफ्टपर्यंत गेले. बाबा आत शिरले, वळले, आणि कुणाच्या घरी छान पाहुणचार झाल्यावर माणूस हसतो तसे हसले.

"वहिनी, यजमानांना लवकर परत पाठवतो हं."

ओठांवरचं आता कसं सांगायचं होतं? बाबांसमोर आम्ही नवरा-बायको होतो. म्हणून बायको सांगेल तसंच सांगितलं. बाबांना नाही, त्याला.

"मी जेवायची थांबते."

त्यानं ऐकलं. सगळं ऐकलं. बॅग या हातातून त्या हातात घेतली. बाबांच्या पाठीवर तळवा ठेवला. लिफ्टचं दार सरकायला लागलं.

"नको थांबूस," तो म्हणाला. "तू जेवून घे."