डावा पाय

काकांची गाडी पहिल्यापासून माझ्याच हाताखालची. दोन सीटची, बसकी, गडद हिरवी. तिच्यात बसायचं म्हणजे आधी कंबर आत टाकायची आणि मग पाय गोळा करायचे. काका कुणाला स्टिअरिंगला हात लावू देत नसत. "गाडी आणि दाढीचा ब्रश दुसऱ्याला द्यायचा नाही," म्हणायचे. दुरुस्तीनंतर मी एक चक्कर मारून बघायचो, तर शेजारी बसून माझ्या पायांवर नजर ठेवायचे.

हिवाळ्याच्या तोंडाला त्यांना झटका आला. डावी बाजू गेली, वाचाही गेली. वरच्या मजल्यावर, बरोबर गॅरेजच्या डोक्यावरच्या खोलीत ते पडून असत. काकूंनी ठरवलं, गाडी विकायची आणि गॅरेजची त्यांच्यासाठी खोली करायची, म्हणजे चाकाच्या खुर्चीतून त्यांना उन्हात नेता येईल. गिऱ्हाईकही मिळालं, काकूंचे दातांचे डॉक्टर. अडचण एकच होती, क्लच. पेडल दाबलं की जमिनीला टेकायचं आणि तिथंच राहायचं.

"काकांना विचारलंत?"

"विचारलं तर उत्तर कोण देणार? सांगितलं मी. डोळे मिटून घेतले."

एका सकाळी मी तिथंच गॅरेजमध्ये गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर चढवली आणि खाली सरकलो. दुखणं लगेच सापडलं. क्लचचं पेडल दाबलं की नळीतल्या तेलाचा जोर गिअरबॉक्सजवळच्या एका छोट्या सिलिंडरवर येतो आणि ते क्लचला ढकलतं. त्याचं रबर खलास झालं होतं, तेल ठिबकत होतं. बोल्ट काढले, नळी सोडवली, सिलिंडर हातात घेतलं.

ते कोमट होतं. इंजिन तर हिवाळाभर बंद. आपल्याच हाताची ऊब असेल, असं म्हणून मी ते फरशीवर ठेवलं.

नवं सिलिंडर बसवलं. आता नळीतली हवा काढायची राहिली. हे एकट्याचं काम नाही. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं खालून बुडबुडे सोडायचे. काकू गुडघ्यांना शिव्या घालत आत बसल्या.

"दाबा."

"दाबलं."

वर छतावर धप्प झालं.

"सोडा."

वर काहीतरी सावकाश घासत गेलं.

"काकू, वर कोण आहे?"

"कोण असणार? तेच एकटे."

"दाबा."

"दाबलं."

धप्प.

काकू गाडीतून उतरल्या आणि जिना चढून गेल्या. मी खालून बाहेर आलो, दार उघडून हातानंच पेडल दाबलं. वरच्या खिडकीतून काकूंचा आवाज फुटला, "अगं बाई! पाय! यांचा पाय हलला!"

मी पेडल अर्ध्यावर आणून धरलं.

"आता वाकवून धरलाय बघ!"

मी हात काढून घेतला आणि चांगला दोन हात मागे सरकलो.

पेडल खाली गेलं. आपोआप. क्षणभर तळाशी थांबलं, मग अर्ध्यापर्यंत सावकाश, तिथं किंचित अडलं आणि मग अलगद सुटलं. काका असाच क्लच सोडायचे. वर काकू हसत होत्या की रडत होत्या, कळेना.

मी पुन्हा खाली सरकून पाहिलं. सगळे जोड कोरडे. काम चोख झालं होतं.

वर गेलो. काकांचं पांघरूण बाजूला पडलं होतं. वाळलेला डावा पाय वाकत होता, सरळ होऊन पलंगाच्या फळीला टेकत होता. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पायांकडे पाहिलं.

जिन्यात मी काकूंना म्हणालो, "गाडी ठेवा."

"का रे? झाला ना क्लच?"

"झाला. तरी ठेवा."

"मग यांना कुठे ठेवू?"

मी हत्यारं आवरायला खाली उतरलो.

डॉक्टर गाडी न्यायला आले, तेव्हा मी सांगून पाहिलं. "पेडल आपण होऊन खाली जातंय असं वाटलं, तर गाडी बाजूला घ्या."

"दात काढायचा धंदा माझा," ते म्हणाले, "आणि काढताय तुम्ही!" हात हलवून निघून गेले.

काकू अधूनमधून फोन करत. पाय छान हलतोय. सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ, नेमानं. व्यायाम करून घेणारी बाई चकित झाली आहे. मी हं हं करत ऐकायचो. डॉक्टर दवाखान्यात कधी जातात आणि कधी परततात, हे मला माहीत होतं.

मग एका सुट्टीच्या दिवशी दुपारी काकूंचा फोन आला.

"आज सकाळपासून पायाला चैन नाही. सारखा दाब, सोड, दाब, सोड."

डॉक्टर सकाळीच माझ्याकडे चाकांत हवा भरून घाटात गेले होते. नव्या गाडीची हौस.

"आणि आता दाबूनच धरलाय. फळी मोडेल असा. मी ओढून पाहिला, हलत नाही."

क्लच दाबला की इंजिन आणि चाकं यांची फारकत होते. उतारावर गाडी मोकळी सुटते.

"काकू, त्यांना सांगा. पाय सोडायला सांगा."

"सांगतेय रे. माझ्याकडे बघून हसतायत."

मी दुसऱ्या हातानं दुकानातल्या फोनवर डॉक्टरांचा नंबर फिरवला. रिंग जात होती.

"काकू?"

पलीकडून फळी करकरल्याचा आवाज आला.

"सोडला," मग त्या म्हणाल्या. आवाज हलका झाला होता. "सोडला एकदाचा. आणि झोपलेसुद्धा बघ. किती दिवसांनी लागलीय अशी झोप."

त्यांनी फोन काकांजवळ नेला असावा. या कानात संथ, तृप्त घोरणं ऐकू येत होतं. दुसऱ्या कानात डॉक्टरांची रिंग वाजत राहिली.