चार परदेशी पत्ते

मी कॉम्प्युटरशी भांडत होते आणि तो दारात उभा राहून ऐकत होता, हे मला फार उशिरा कळलं.

"अहो, काय घोडं मारलंय मी तुमचं?" मी स्क्रीनला विचारत होते. "नको म्हणा! शिव्या द्या! पण परदेशातून एक ओळ तरी लिहा की!"

"स्टूल मिळेल का?"

मी केवढी दचकले! उंच, किडकिडीत माणूस. खांद्यावर वायरचं वेटोळं, चष्म्याच्या एकाच काचेवर धूळ. शेजारच्या गोदामात इंटरनेटची लाइन टाकायला आला होता आणि तिथे चढायला काही नव्हतं.

"आहे. पण एक पाय डुगडुगतो त्याचा."

"चालेल. उंचावर माझे दोन्ही डुगडुगतात."

मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. राग आलेला असताना हसलं की माझा रागच वाया जातो. त्याने स्टूल उचललं, दोन पावलं गेला आणि परत वळला.

"परदेशातल्या कुणाचंच उत्तर येत नाहीये का?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. पण कुणाचंच येत नसेल, तर तुमचं पत्र बहुतेक त्यांना दिसतच नसेल... म्हणून म्हटलं."

दिसतच नसेल! तीन महिने मी समजत होते की सगळ्यांना माझा कंटाळा आलाय.

आमची लाकडी बटणांची कार्यशाळा आहे, म्हणजे माझ्या मामांची. थंड देशांतल्या जाड कोटांना लागतात तसली मोठी, गुळगुळीत बटणं. सहा बायका ती घासतात, मामा आरडाओरडा करतात आणि मी परदेशी गिऱ्हाइकांना मेल लिहिते. तीन महिन्यांपासून समोरून चिटपाखरूसुद्धा बोललं नव्हतं. येत्या दोन महिन्यांत थंडीच्या ऑर्डरी आल्या नाहीत तर शेडला टाळं लावायचं, असं मामांनी सांगून टाकलं होतं.

आणि घरी? आई दादाकडे गेली होती, त्याच्या बाळाला सांभाळायला. "दोन महिन्यांत येते गं," म्हणाली होती. बाळ आता चालायला लागलं होतं. दिवसभर परक्यांशी मेलवर बोलायचं आणि संध्याकाळी जाऊन रिकाम्या घराचं कुलूप उघडायचं, असं माझं वर्ष गेलं होतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण मला फार एकटं वाटायचं. फार म्हणजे फारच.

मामांनी दुसऱ्याच दिवशी त्याला बोलावलं. त्याची कंपनी वायरपासून मेलपर्यंत सगळंच बघायची. मामा त्याला "डॉक्टर" म्हणू लागले, मग सगळेच म्हणू लागले.

"दोन दुखणी आहेत," डॉक्टर म्हणाला. "तुम्ही मेलची कंपनी बदललीत, पण तुमच्या नावाने पत्र कोण पाठवू शकतं त्या यादीत जुनीच कंपनी आहे. त्यामुळे परदेशातल्या यंत्रांना वाटतं की कुणी तोतया लिहितोय. हे मी आज दुरुस्त करतो. पण दुसरं... मोठ्या संख्येने काही पाठवलं होतं का?"

मी मामांकडे बघितलं. मामा छताकडे बघायला लागले.

"शुभेच्छा पाठवल्या होत्या," मामा शेवटी पुटपुटले. "कुणीतरी चार हजार पत्ते दिले होते. सगळ्यांना फोटोसकट पाठवल्या. माणसाने शुभेच्छासुद्धा द्यायच्या नाहीत का?"

त्या फोटोत मामा कोट घालून हसत होते आणि खाली बारा लिंका लुकलुकत होत्या. लोकांनी पटापट ते जंकमध्ये ढकललं होतं, आणि तेव्हापासून आमचं नावच खराब झालं होतं. मी कपाळावर हात मारला.

"आता चाळीस दिवस पथ्य," डॉक्टर म्हणाला. "रोज थोडीच पत्रं पाठवायची, पण खरी. ज्यांना उत्तर येतं अशी. उत्तरं येताना दिसली की यंत्रांचा विश्वास हळूहळू परत बसतो."

"मला उत्तर देणारं कुणी नाही," मी म्हणाले. मला मेलबद्दलच म्हणायचं होतं... पण आवाज जरा चमत्कारिक निघाला. त्याने चष्मा काढला, पुसला आणि नेमकी स्वच्छच काच पुसली.

"माझे चार पत्ते आहेत, परदेशी कंपन्यांकडचे, तपासणीसाठी. त्यांच्यावर रोज लिहा. मी उत्तर देईन."

"काय लिहू?"

"काहीही. फक्त 'टेस्ट टेस्ट' लिहू नका, यंत्राला कळतं."

"आणि तुम्ही ते वाचणार?"

"छे! ते कुठे पडलं एवढंच बघतो मी. वाचायचं नाही, असा नियम आहे आमचा."

कुणी वाचणार नाही म्हटल्यावर माझी भीडच चेपली. तशी मी तोंडाने भांडखोर आहे, पण मनातलं बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप लागतं. लिहिताना मात्र माझा हात सैल सुटतो. पहिल्या दिवशी हवेबद्दल लिहिलं. तिसऱ्या दिवशी लिहिलं की आमच्या पॉलिशवाल्या मावशी बटणातल्या भोकातून बघून माणसाचा स्वभाव सांगतात. पाचव्या दिवशी लिहिलं की शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्या मी मोजते, कारण संध्याकाळी माझ्या घरात तेवढाच आवाज येतो, आणि आईला दादाकडे जाऊन वर्ष झालं तरी मी दोन ताटं काढते आणि एक परत ठेवते.

त्याचं उत्तर आलं: "मिळालं. चारपैकी तीन जंकमध्ये. सेवा विभाग."

माझ्या अंगाची लाही लाही झाली! हा वाचत नाही हे मला माहीत होतं, तरीही. मी लगेच लिहिलं, "माणूस इथे ताटाचं सांगतंय आणि तुम्ही मला जंक मोजून दाखवताय?"

या वेळी उत्तराला तासभर लागला.

"माफ करा. एका ओळीचं उत्तर यंत्राला खरं वाटत नाहीये, म्हणून आता वाचणं भाग आहे. आधीचीही सगळी वाचली. मी उभ्यानेच जेवतो, कारण खोलीत एकच खुर्ची आहे आणि तिच्यावर वाळलेले कपडे असतात. आई कधी येणार आहेत?"

मी ते उत्तर किती वेळा वाचलं ते सांगणार नाही.

मग रोजच सुरू झालं. मी सकाळी लिहायचे, तो दुपारी उत्तर द्यायचा. रोज हजारो पत्रं त्याच्या नजरेखालून जातात, त्याने लिहिलं एकदा, पण त्याच्यासाठी म्हणून त्यात एकही नसतं. मंगळवारी तो सेटिंग तपासायला यायचा. तेव्हा मात्र आम्ही दोघंही असे वागायचो की जणू पत्रं लिहिणारे कुणी वेगळेच.

"खुर्ची मोकळी झाली का?" मी एकदा स्क्रीनकडे बघत विचारलं.

"अर्धी."

"अर्ध्या खुर्चीवर कसं बसता?"

"बसत नाही. पण आता टेकतो." आणि मग हळूच, "कुकर काय म्हणतो?"

"काल चार शिट्या."

"पाहुणे आले असतील."

मावशींनी पॉलिश करता करता एक बटण डोळ्याला लावलं आणि आमच्याकडे रोखून बघितलं. माझे कान तापले.

अठ्ठाविसाव्या दिवशी त्याचं पत्र आलं: "चारही इनबॉक्समध्ये!" मामांनी शेड डोक्यावर घेतली. त्याच आठवड्यात कोटवाल्या बाईंचं, म्हणजे परदेशात कोट बनवणाऱ्या आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाचं उत्तर आलं. पुढच्या गुरुवारी दुपारी बाई थंडीची सगळी खरेदी ठरवणार होत्या, त्याआधी दरपत्रक पाठवा म्हणाल्या. मावशी तर नाचायच्याच बाकी होत्या. मी मात्र कॅलेंडर काढून दिवस मोजले. बारा दिवस राहिले होते. बारा दिवसांनी त्याचं काम संपणार, उत्तरं बंद होणार. उत्तरं देणं हे त्याचं कामच होतं ना? मी विचारलं नव्हतं आणि त्याने सांगितलं नव्हतं.

मग मंगळवारी मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. त्या मंगळवारी तो दुसरीकडे अडकला होता, येणार नव्हता. मी मामांचा तो हसरा फोटो, बारा लिंकांसकट, माझ्या सहीखाली परत लावला आणि रोजचं पत्र त्या चार पत्त्यांवर सोडून दिलं. व्हायचं तेच झालं. "चारही जंकमध्ये! कमाल आहे. पत्र अजून उघडलं नाही, गुरुवारी येऊन बघतो," त्याने लिहिलं. मी खुर्चीतल्या खुर्चीत गिरकी घेतली.

गिरकीच्या नादात फोटो काढायचा राहिला. दुपारी कोटवाल्या बाईंना दरपत्रक पाठवलं ते त्याच सहीने.

बुधवार गेला, उत्तर नाही. गुरुवारी सकाळपासून मामा गप्प बसले होते. माझे मामा गप्प! मावशी हळूच जवळ आल्या. "पोरी, पुढच्या आठवड्यापासून यायचं ना आम्ही? म्हणजे... दुसरीकडे बघायचं असलं तर आधी सांग हो."

तेवढ्यात डॉक्टर आला, बसला आणि त्याने मंगळवारचं दरपत्रक उघडलं. खाली मामा कोट घालून हसत होते.

"हे परत कुणी लावलं?"

"मी नाही हं!" खरे मामा ओरडले. "देवाशपथ!"

"मी," मी म्हणाले.

"चुकून?" त्याने इतक्या हळू विचारलं की मला सहज हो म्हणता आलं असतं.

"नाही. मुद्दाम. तुमच्या चार पत्त्यांसाठी लावलं होतं... ते काढायचं विसरले."

मामांनी आ वासला. डॉक्टरने एकदम उठून टेलिफोन माझ्यापुढे सरकवला. "आत्ता फोन करा त्यांना. जंक उघडून बघा म्हणावं. तिकडे दुपार व्हायला तीन तास आहेत."

"माझं इंग्रजी लिहिण्यापुरतं आहे हो! बोलताना त-त-प-प होतं."

"होऊ दे."

मी फोन लावला. काय बोलले ते मला आठवत नाही. "सॉरी" अकरा वेळा म्हणाले असं मावशी सांगतात. कोटवाल्या बाई आधी गोंधळल्या, मग त्यांनी शोधलं आणि मग त्या मोठ्यांदा हसल्या. मामांचा फोटो दिसला होता. तासाभरात ऑर्डर आली. बायकांनी टाळ्या वाजवल्या, मामांनी डोळे पुसले. मामा मला ओरडलेसुद्धा नाहीत, आणि तेच जास्त लागलं. मी मागे वळून बघितलं, तर डॉक्टर निघून गेला होता.

त्यानंतर रोज एकच ओळ यायची. "मिळालं. चारही इनबॉक्समध्ये." मी माफी मागितली, "मिळालं. चारही इनबॉक्समध्ये." खूप लिहिलं, थोडं लिहिलं, शेवटी "बरे आहात ना?" एवढंच लिहिलं. तरी तेच. माझं एकेक पत्र नीट, व्यवस्थित, जिथे जायला हवं तिथे पोचत होतं आणि मी पूर्वीपेक्षा जास्त एकटी झाले होते. कुकरच्या शिट्यासुद्धा मोजाव्याशा वाटेनात.

चाळिसाव्या दिवशी तो आला. मामा आत बायकांमध्ये ऑर्डरीची वाटणी करत होते. मी बाहेरच्या पायरीवर बसले होते. तो लॅपटॉप घेऊन दोन हात अंतरावर उभा राहिला.

"काम पूर्ण झालं. आता तपासणीची पत्रं पुसायची असतात, गिऱ्हाइकासमोर. सही लागेल."

"सगळी?"

"सगळी. माझी उत्तरंसुद्धा."

मी सही केली. त्याने बटण दाबलं. चाळीस दिवस लिहिलेलं सगळं एका क्षणात गेलं. ती दोन ताटं, तो कुकर, ती अर्धी खुर्ची. स्क्रीन पांढरी झाली. तो लॅपटॉप मिटायला लागला आणि मला कळलं की आता मी तोंड उघडलं नाही, तर हा माणूस फाटकातून जाईल आणि मी आयुष्यभर स्वतःला शिव्या घालत बसेन.

"एकदाच सांगते," मी म्हणाले. "मला तुम्ही आवडता. तुम्ही जाऊ नये म्हणून मी ते केलं. सहा बायकांच्या पोटावर पाय आला असता, इतकी मी... इतकी मी एकटी आहे. काय बोलायचं ते आत्ता बोला, माझ्या तोंडावर. आणि रागावला असाल तर नीट रागवा, त्या एका ओळीने माझा जीव घेतलाय!"

त्याने अर्धवट मिटलेला लॅपटॉप छातीशी धरला.

"रागावलो नाही," तो म्हणाला. "चारही जंकमध्ये दिसली ना मंगळवारी... तेव्हा मला आनंद झाला. अजून महिनाभर तरी यायला मिळेल म्हणून. इथे सगळ्यांचं काम अडकत होतं आणि मी खोलीत एकटाच हसत होतो. तुम्ही सगळ्यांसमोर कबूल केलंत. मला नाही जमलं. मग कुठल्या तोंडाने लिहिणार?"

"म्हणजे मी आवडते की नाही?"

"आवडता," तो म्हणाला. "पाचव्या दिवसापासून."

आणि मला रडू फुटलं. शोभून दिसेल असं नव्हे, चांगलं नाक लाल करणारं, वर्षभर साठलेलं. तो गांगरला. आधी रुमाल शोधला, तो सापडला नाही. मग काय करावं ते न कळून लॅपटॉप जमिनीवर ठेवून माझ्या शेजारी पायरीवर बसला. सहा वाजले, बायका डबे घेऊन आमच्या बाजूने गेल्या, मामांनी शेडला कुलूप लावलं, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि तेही गेले. तरी तो उठला नाही.